स्थळाला सांगतात तसं

माझा भाऊ गेल्याची बातमी मला आली ती 'मिलिंद सर अजून आले नाहीत' अशी. मंगळवार होता. सकाळचे सव्वानऊ झाले असतील. सानपाड्याला आमच्या स्वयंपाकघरात डोशाचं पीठ पातळ झालं म्हणून मी स्वतःवरच करवादत होते, आणि महाप्याहून त्याच्या लॅबमधल्या बाईंचा फोन आला. नऊचं ऑफिस आणि सव्वानऊला घरी फोन... दुसऱ्या कुणाबद्दल असता तर मी हसले असते. पण चोवीस वर्षांत मिलिंद एकदाही नऊच्या पुढे गेला नव्हता. मी गॅस बंद केला, रिक्षा पकडली आणि नेरूळ गाठलं. आई गेल्यापासून मिलिंदच्या फ्लॅटची एक किल्ली माझ्याकडे असायची. मिलिंद बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसला होता. एका पायात बूट, दुसरा बूट हातातून गळून खाली पडलेला. डॉक्टर म्हणाले, हार्टचा झटका, मोठा होता, फार त्रास झाला नसेल. एकोणपन्नास हे काय जायचं वय आहे? मी त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. क्रम माझा होता.

याला आता सात आठवडे झाले. मैत्रिणी म्हणतात लिही, मन हलकं होईल. मला ते हलकं वगैरे काही करायचं नाहीये. मिलिंदनं आयुष्यात माझ्याकडे एकच काम मागितलं होतं. मी ते बिघडवलं. ते कसं बिघडवलं एवढंच सांगायला बसलेय, आणि सांगताना स्वतःला सूट द्यायची नाही असं ठरवलंय. बघू कितपत जमतं.

आम्ही मूळचे माणगावकडचे. बाबा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत होते, आणि मिलिंद दुसरीत असताना आम्ही चेंबूरच्या चाळीतून नेरूळच्या वन-रूम-किचनमध्ये आलो. तेव्हा नेरूळ म्हणजे चार बिल्डिंगी आणि बाकी नुसते चिखलाचे प्लॉट. आई खूश नव्हती, मिलिंद मात्र खूश होता, कारण तिथे माणसंच नव्हती. मुलं खाली क्रिकेट खेळायची आणि हा आत फरशीवर स्टीलच्या डब्याचं झाकण फिरवत बसायचा. झाकण थांबलं की पुन्हा. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी त्याला कशी कोण जाणे चाहूल लागायची, आणि तो कानांवर हात घेऊन जिन्यात पळायचा. वरणभात वेगवेगळा लागायचा, वरणाचा ओघळ भाताला लागला की ताट बाजूला. नव्या शर्टाच्या कॉलरला आतून लेबल असतं ना, ते कापल्याशिवाय शर्ट अंगात जायचा नाही. आणि कुणी बोलायला लागलं की हा त्यांच्या खांद्यापलीकडे बघायचा. आई म्हणायची, मुद्दाम करतो. बाबा म्हणायचे, मुद्दाम करतो. शाळेत बाईंनी तर प्रगतिपुस्तकावरच लिहिलं होतं, हुशार आहे पण मुद्दाम उत्तर देत नाही. 'मुद्दाम' हा आमच्या घरात मिलिंदचा जवळजवळ मधल्या नावासारखा शब्द होता.

मी पहिल्यापासून तोंडाळ. त्याच्या वाटचंही मीच बोलले. पाहुणे आले, त्यांनी 'नाव काय बाळा?' विचारलं की मी म्हणायची, मिलिंद, तिसरीत आहे, गणितात पैकीच्या पैकी आहेत. तो माझ्या मागे उभा. मला वाटायचं मी त्याला सांभाळतेय, आणि खरंच सांभाळतही होते. पण मावशीच्या मुलीच्या लग्नात, माणगावला, लाउडस्पीकर सुरू झाला आणि हा घराच्या मागच्या खोलीत भाताच्या कणग्यांमध्ये जाऊन बसला, तेव्हा फोटोसाठी त्याला ओढत बाहेर आणणारीही मीच होते. सगळ्यांसमोर मी त्याच्या कानाखाली वाजवली. नऊ वर्षांचा होता तो. रडला नाही. मांडवाच्या बल्बांकडे बघत ओठांतल्या ओठांत मोजत राहिला. त्या फोटोत आम्ही सगळे आहोत, छान हसतोय.

मग त्याच्या लग्नाचं बघायला लागलो. बाबा नव्हते, आई थकलेली, म्हणून बायोडेटा मी लिहिला. बी.एस्सी. फिजिक्स, कायम नोकरी, स्वतःचं घर, निर्व्यसनी... आणि त्याच्यापुढे, आपण सगळेच लिहितो तसं, 'मनमिळाऊ'. मिलिंदनं तो कागद वाचला आणि विचारलं, हे कोणाबद्दल आहे? मला वाटलं चेष्टा करतोय. स्थळाकडे जाताना मी रिक्षात त्याला शिकवायची, डोळ्यांत बघता येत नसेल तर दोन भुवयांच्या मध्ये बघ, त्यांना कळत नाही. चहा घेतल्यावर 'छान झालाय' म्हण. मुलीला तिच्या नोकरीबद्दल दोन प्रश्न विचार, जास्त नको. बाकीचं मी बघते. आणि मी बघायची. मुलीच्या वडलांनी विचारलं, कमी बोलतात का? तर मी हसून, अहो पहिल्यांदा लाजतो, एकदा ओळख झाली की बघा. माणसांची आवड? भरपूर. आमच्या कॉलनीत सगळ्यांच्या मदतीला धावतो... काय वाट्टेल ते सांगितलं मी. अशा सगळ्या घरांत मोठी बहीण हेच करते आणि त्याला कुणी खोटं म्हणत नाही.

पनवेलची मुलगी होती, शाळेत शिकवायची. लग्न चौदा महिने टिकलं. जाताना ती माझ्याशी भांडली नाही. निवांत बसली आणि म्हणाली, "ताई, तुमचा भाऊ वाईट नाही. पण तुम्ही ज्याच्याबद्दल सांगितलंत तो माणूस मला त्या घरात भेटलाच नाही." मी तिच्याबद्दल पुढची दहा वर्षं वाईटसाईट बोलले. तिला संसार जमला नाही, असं सगळ्यांना सांगितलं. मिलिंदला विचारलं तर तो म्हणे, तिचं बरोबर आहे. मला त्याचाही राग आला, म्हटलं बायको गेली तरी ह्याला काही नाही, दगड आहे दगड. कपाटातल्या तिच्या खणाला त्यानं पुढे कधीच हात लावला नाही, रिकामा ठेवला, हे मला आत्ता त्याचं कपाट उघडलं तेव्हा कळलं.

पुढे आईही गेली, आणि एकटा राहिला तसा तो निवांत झाला. सकाळी सहा-दहाला नेरूळच्या होल्डिंग पाँडच्या तळ्याभोवती एक फेरी, कायम एकाच दिशेनं. मग महापे. तिथे तो प्रेशर गेज, थर्मामीटर असली यंत्रं बरोबर दाखवतात की नाही हे तपासायचा. कॅलिब्रेशन म्हणतात त्याला. रविवारी चार वाजता माझ्याकडे चहा, पाच वाजता परत. या एका तासात तो लॅबबद्दल बोलायचा आणि मी हं हं करत भाजी निवडायची. गेज चुकीचं दाखवत असेल तर काय करतात, हे त्यानं मला कमीत कमी वीसदा सांगितलं असेल. काट्याला आपण हात लावायचा नाही, तो किती चुकतोय ते सर्टिफिकेटवर स्पष्ट लिहायचं, म्हणजे वापरणाऱ्याला कळतं. ह्याच्यावर तो अर्धा तास बोलू शकायचा. मला कधीकधी जांभई यायची आणि ती त्याला दिसायची नाही, असं मी समजत होते.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या सोसायटीत लिफ्ट बदलली. नव्या लिफ्टचं दार उघडं राहिलं की ती कर्कश वाजते. सातव्या मजल्यावर एक बाई राहतात, त्यांच्या मुलीला ऑटिझम आहे. एकदा लिफ्ट वाजली आणि त्या मुलीनं आणि मिलिंदनं एकाच वेळी कानांवर हात घेतले. त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी सहज विचारलं, तुम्हालाही त्रास होतो का हो? मिलिंद म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी 'का करतोस' न विचारता 'होतं का' असं विचारलं. मग त्या बाईंनी त्याला काही वाचायला दिलं. मिलिंदचं वाचणं म्हणजे काय, तो आठ महिने वाचत होता. वही केली. आणि एका रविवारी चार वाजता चहाला हात न लावता मला म्हणाला, ताई, मला वाटतं मी ऑटिस्टिक आहे. लहानपणापासून.

मी काय म्हणाले? म्हणाले, काहीतरीच. हल्ली ज्याला त्याला काहीतरी असतंच. म्हणाले, तू नोकरी करतोस, घर चालवतोस, त्या बिचाऱ्या मुलीशी कशाला बरोबरी?  मग त्यानं समजावून सांगितलं, अगदी गेज समजावायचा तसं. प्रत्येकाचं वेगळं असतं. मोठेपणी कळलेले पुष्कळ असतात. वाशीला एक सायकॉलॉजिस्ट मॅडम मोठ्या माणसांची तपासणी करतात, पण त्यांना लहानपण बघितलेलं कुणीतरी लागतं. आईबाबा नाहीत, तूच आहेस. म्हटलं, अरे पण आता पन्नाशीला आलास, कळून करायचंय काय? गोळी आहे का त्याच्यावर? तेव्हा तो जे बोलला ते मी विसरू शकत नाही.

"गोळी नाही. पण मी मुद्दाम करत नव्हतो, हे मला कुणीतरी लिहून द्यायला हवंय."

मी गेले. चांगली कांजीवरम नेसून गेले, त्यावरूनच काय ते समजा. मॅडम पस्तिशीच्या, हळू बोलणाऱ्या. मिलिंदला त्यांनी बाहेर बसवलं आणि मला आत घेतलं. आत एक सोफा, समोर काचेचं टेबल, आणि त्या अदबीनं विचारतायत... शाळेत मित्र होते का? म्हटलं, होते की. आवाजाचा त्रास व्हायचा का? म्हटलं, छे, तसं काही आठवत नाही. हाक मारली की बघायचा का? खेळायचा कशाशी? एकाच गोष्टीत तासन् तास रमायचा का? आणि मी, अगदी खरं सांगते, तोंड उघडलं की ते आपोआप बाहेर पडत होतं. थोडा लाजरा होता हो, पण सगळ्यांत मिसळायचा. सणावाराला पुढे. मनानं फार चांगला. मॅडम लिहून घेत होत्या, आणि त्या लिहीत होत्या म्हणून मला आणखीच चेव चढत होता. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, अहो मी हातावर वाढवलंय त्याला. तासाभरानं बाहेर आले ती बाजी मारल्यासारखी. मिलिंदला म्हटलं, काळजी करू नकोस, मी सगळं व्यवस्थित सांगितलंय.

रिपोर्ट पंधरा दिवसांनी आला. तो घेऊन मिलिंद माझ्याकडे आला, बुधवारी, संध्याकाळी सहाला. रविवार सोडून तो आला हेच मोठं होतं. रिपोर्टमध्ये होतं की बहिणीनं दिलेल्या माहितीत बालपणी तशी लक्षणं दिसत नाहीत, म्हणून निदान करता येत नाही. त्याच्याखाली आणखी दोन ओळी होत्या, त्या मी वाचल्याच नाहीत, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. म्हटलं, बघ, काही नाहीये तुला. तो ओट्याशी उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, भुवयांच्या मध्ये नाही, सरळ डोळ्यांत.

"ताई, तू स्थळाला सांगतात तसं सांगितलंस."

मला इतका संताप आला. आपलं खोटं असं अचूक कुणी पकडलं की येतो तसा. मी म्हटलं, मग काय सांगायला हवं होतं? माझा भाऊ वेडा आहे म्हणून? तो म्हणाला, वेडा नाही, ऑटिस्टिक, तो वेगळा शब्द आहे. मग त्यानं पाण्याचा पेला विसळून पालथा घातला आणि गेला.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, सवयीनं झालं, चूक झाली, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. मीही सगळ्यांना हेच सांगतेय. ते पूर्ण खरं नाही. माझ्या मुलीचं, ऋचाचं, तेव्हा एका ठिकाणी जवळपास ठरत आलं होतं. कागदावर असं काही आलं आणि 'मामाला आहे म्हणे' असं कुणाच्या कानावर गेलं तर... हे माझ्या डोक्यात होतं. त्या सोफ्यावर बसताना होतं. मिलिंदसाठी म्हणून मी जे सांगत होते त्यातलं निम्मं मी ऋचासाठी सांगत होते. ऋचाला हे मी तो गेल्यावर सांगितलं.  ती म्हणाली, आई, मला विचारलं असतंस तर मी स्वतः त्यांना मामाबद्दल सांगितलं असतं. ते स्थळ शेवटी देण्याघेण्यावरून फिसकटलं ते वेगळंच.

त्यानंतरही मिलिंद दर रविवारी येत राहिला. चार ते पाच. त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही, मीही नाही. मला वाटलं, विसरला. खूळ होतं, गेलं. मला बरं वाटत होतं, आणि ह्या बरं वाटण्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. माफी मागायला माझ्याकडे अकरा रविवार होते. अकराही रविवार मी भाजी निवडली.

तो गेल्यावर कॉलनीतल्या मंडळानं गेटवर फ्लेक्स लावला. चांगली माणसं आहेत, मनापासून लावला. फोटोखाली लिहिलं होतं, 'मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपले'. जलदान विधीला शेजारपाजारचे, लॅबमधले, गावाकडचे जमले, बुद्धवंदना झाली, लोक चार शब्द बोलायला उठले आणि प्रत्येकानं तो शब्द वापरला. मला उभं राहून सांगावंसं वाटलं की नव्हता हो तो मनमिळाऊ. चारचौघांत गेला की तो ओठांतल्या ओठांत मोजत बसायचा, आणि तरी तुमच्या सगळ्यांच्या दारी तो आला, कारण मी त्याला यायला लावलं. पण पाहुणे होते. मी हात जोडून बसून राहिले. सातव्या मजल्यावरच्या बाई मुलीला घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांनी तेवढं जाताना मला सांगितलं, तुमचा भाऊ माझ्या लेकीशी तासभर न बोलता बसायचा, तिला फार आवडायचं ते.

गेल्या आठवड्यात मला वाशीहून फोन आला. क्लिनिकमधून. उद्या साडेअकराला मिलिंद सरांची वेळ आहे, सोबत तुम्ही येणार आहात ना, असं विचारत होत्या. मला काही समजेना. म्हटलं, वेळ झाली की त्यांची मागेच. तर म्हणाल्या, नाही, ही दुसरी, त्यांनी दोन-अडीच महिन्यांपूर्वी घेतली होती. सोबत कोण येणार तिथे बहीण लिहिलंय, तुमचंच नाव आहे. रिपोर्टच्या खालच्या दोन ओळींत तेच होतं, बालपणाची अधिक माहिती मिळाल्यास पुन्हा तपासणी करता येईल. त्यानं त्या वाचल्या होत्या, आणि अधिक माहिती म्हणून पुन्हा मलाच धरलं होतं. फोनवर मी तो गेल्याचं सांगितलं. त्या बाई गडबडल्या, वेळ रद्द करते म्हणाल्या. मी म्हटलं, करू नका, मी येते.

गेले. ह्या वेळी सगळं सांगितलं. झाकण, शिट्टी, वरणाचा ओघळ, कणग्या, माझी थप्पड, रिक्षातली शिकवणी, पनवेलची ती मुलगी, ऋचाचं स्थळ. मॅडमनी पेन उचललं नाही. गेलेल्या माणसाचा रिपोर्ट देता येत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. माझं बोलून झालं तेव्हा मी त्यांना विचारलं, हे मी तेव्हाच बोलले असते तर?  खोटं बोलून त्यांना माझी समजूत घालता आली असती. त्या म्हणाल्या, "तर मी त्यांना त्याच महिन्यात लिहून दिलं असतं." मग म्हणाल्या, त्यांच्याकडे एक निळी वही होती, घरी असेल तर बघा.

वही टेबलाच्या खालच्या खणात होती. त्याच्या खोलीत सध्या मी एकटीच जाते, तिथे काही हलवायला मला धीर होत नाही. त्याच्या खुर्चीवर बसून मी शेवटून पानं उलटली. शेवटचं पान तो गेला त्याच्या तीन दिवस आधीचं, शनिवारचं. वर लिहिलंय, 'दुसरी भेट. ताईला आठवण करून देणे.' खाली आठवणी, आकडे घालून, त्याच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात. मी मॅडमना जे जे सांगून आले होते ते जवळजवळ सगळं होतं. फक्त थप्पड नव्हती. ती त्यानं घेतलीच नव्हती यादीत. आणि सगळ्यात खाली, चौकट आखून, एक वेगळी ओळ...

'ताई घाबरते. आत जाण्यापूर्वी तिला सांगणे, मॅडम स्थळ बघायला आलेल्या नाहीत. खरं सांगितलं तरी माझं काही बिघडणार नाही.'